आकडा भरणाऱ्या ताईंना कुणी विचारलं का?

वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत लागलेली आपली मुलं हल्ली ‘डॅशबोर्ड’ हा शब्द घरातही वापरतात. किती माल निघाला, कोणती मशीन थांबली, सगळं साहेबांना स्क्रीनवर दिसतं. विखुरलेली माहिती एकत्र करून तिच्या आधारे निर्णय घेणं म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स. नाव धंद्याचं असलं तरी सरकारी खातीही आता हेच करतात. पण ही यंत्रणा यशस्वी कशामुळे होते? चांगल्या सॉफ्टवेअरमुळे, हे अर्धंच उत्तर.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आणलं. बालकांचं वजन, उंची, आहार अंगणवाडी सेविकेने मोबाइलवर भरायचं आणि ते वर दिल्लीपर्यंत दिसायचं. कल्पना चांगलीच होती. पण हातातले सरकारी फोन २ जीबी रॅमचे, सतत अडकणारे. ॲप इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या ताईंनी बाळाचं नाव इंग्रजीत लिहायचं! ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी हे फोन शासनाला परत केले.

याला कामचुकारपणा म्हणणं सोपं आहे. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये कर्मचाऱ्याच्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले: कामाविषयीची आपुलकी, सोडलं तर नुकसान होईल ही भीती आणि कर्तव्याची जाणीव. कोणत्या घरातलं लेकरू खंगतंय हे ज्या ताईला तोंडपाठ असतं, तिच्याकडे आपुलकी आणि कर्तव्य दोन्ही आहे. यंत्रणा मात्र तिला फक्त भीती दाखवते. पगार नाही, ‘मानधन’. ग्रॅच्युइटीचा हक्कही एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितला, तेव्हा मान्य झाला.

भीतीपोटी भरलेल्या आकड्याचं काय होतं? वजन न करताच मागच्या महिन्याचा आकडा थोडा वाढवून टाकला, तरी स्क्रीनवर सगळं ठीकच दिसतं. निर्णय मात्र त्याच आकड्यावर होतो.

आपल्या संघटनांनीही फार ताठ मानेने बोलू नये. गेल्या वर्षी वस्तीतल्या शिष्यवृत्तीच्या सर्वेक्षणात आम्ही मुलांकडून दोनशे फॉर्म भरून घेतले. निघालेली माहिती आमच्या लॅपटॉपमध्येच राहिली, मुलांना काहीच कळवलं नाही. यंदा फॉर्म भरून घ्यायला सातच जण आले. आता आधी गेल्या वर्षीचा तक्ता घेऊन त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. या वर्षी कोणते प्रश्न विचारायचे, तेही त्यांच्यासोबत बसूनच.