आंबवण्याची विद्या, लेखांक ९ : गोड रस आणि गांधीलमाशी

गांधीलमाशी गोड रसाचा माग मुख्यतः वासावरून काढते. साखर आंबू लागली की यीस्ट साध्या अल्कोहोलाबरोबर आयसोब्युटेनॉलसारखी जड अल्कोहोले आणि पिकल्या फळाच्या वासाची एस्टरे हवेत सोडते. शिरक्याचे जीवाणू त्यात ॲसिटिक आम्लाची भर घालतात. अमेरिकेत गांधीलमाश्यांच्या सापळ्यांसाठी आमिषे शोधली गेली, तेव्हा ॲसिटिक आम्ल आणि आयसोब्युटेनॉल हीच जोडी प्रभावी ठरली. ज्या वासावरून अनुभवी माणूस ‘रस चढला’ असे ओळखतो, तोच वास माशीलाही वाट दाखवतो. त्यामुळे उघड्यावर आंबवण करताना गांधीलमाशी येणारच, असे धरून कामाची आखणी केलेली बरी.

माशीला साखर लागते यामागे तिच्या शरीराची रचना आहे. प्रौढ गांधीलमाशीची कंबर दोऱ्याइतकी बारीक असते आणि अन्न त्या अरुंद वाटेने पोटात जायचे असते, म्हणून ती फक्त पातळ पदार्थांवर जगते. अळ्या, माश्या, टोळ ती पकडते ते पोळ्यातल्या पिल्लांसाठी. शिकारीचे मांस चावून ती पिल्लांना भरवते आणि पिल्ले बदल्यात तोंडातून साखर व अमिनो आम्ले असलेला द्रव सोडतात, तो मोठ्या माश्या पितात. पोळ्यात पिल्ले भरपूर असली की हे देणेघेणे पुरेसे होते. पिल्ले कमी झाली की मोठ्या माश्या गोडाच्या शोधात बाहेर भटकू लागतात.

युरोपात हा बदल कॅलेंडरवर दाखवता येईल इतका ठरावीक असतो. तिथल्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या व्हेस्पुला माश्यांची वसाहत एका वर्षाची असते. ऑगस्टअखेरीस पिल्ले घटतात, हजारो कामकरी माश्या मोकळ्या होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत सफरचंदाचा रस व बिअर घराघरांत तयार होत असते. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरती बिअर परवान्याशिवाय करता येते आणि अमेरिकेत १९७८च्या कायद्याने तशी मुभा दिली. म्हणून बागेत बिअर उकळणाऱ्यांना गांधीलमाशी हा तिकडे नेहमीचा त्रास वाटतो. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय कोणतेही मद्य घरी तयार करणे गुन्हा आहे आणि बिअर त्याला अपवाद नाही. रत्नागिरीत उघड्यावरच्या आंबवणाचे खरे उदाहरण शोधायचे तर माडाच्या शेंड्याकडे पाहावे लागते. तिथे परवाना घेऊन माडी काढली जाते.

कोकणात गांधीलमाशी या एका नावाखाली बरेच वेगवेगळे कीटक मोडतात. त्यांच्यातला फरक कळला की निम्मी भीती कमी होते. पडवीच्या आढ्याला, खिडकीच्या चौकटीला किंवा झावळीच्या खाली कागदी चाळणीसारखे उघडे, छोटे पोळे दिसते, ते बहुधा रोपालिडिया किंवा पॉलिस्टिस जातीचे असते. रोपालिडिया मार्जिनाटा या तांबूस माशीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके संशोधन केले. या माशीची पोळी वर्षातल्या कोणत्याही महिन्यात नव्याने सुरू होऊ शकतात आणि राणी गेली की उरलेल्यांपैकीच एखादी मादी तिची जागा घेते. युरोपासारखा ठरावीक मोसम इथे नसतो, तो यामुळेच. अशा पोळ्यात साधारणपणे काही डझन माश्या असतात आणि पोळ्याला धक्का लागला नाही तर त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत.

मोठी गांधीलमाशी वेगळी. काळे अंग आणि पोटाच्या पुढच्या भागावर नारिंगी-पिवळा पट्टा असलेली व्हेस्पा ॲफिनिस झाडावर सगळीकडून बंद असलेले, घागरीएवढे किंवा त्याहून मोठे कागदी घर बांधते. तिच्या वसाहतीत शेकडो माश्या असतात आणि पोळ्याजवळ कंपन झाले की त्या एकदम बाहेर पडतात. दिसायला तशीच असलेली व्हेस्पा ट्रॉपिका ढोलीत किंवा जमिनीतल्या पोकळीत राहते आणि वर सांगितलेल्या लहान गांधीलमाश्यांची पोळी लुटते. भिंतीवर मातीची घरटी करणारी कुंभारीण एकटी राहते. ती पिल्लांसाठी कोळी किंवा अळ्या साठवते आणि हातात धरून दाबली नाही तर सहसा चावत नाही. गोड रसाजवळ तिची भीती बाळगण्याचे कारण नाही आणि तिची घरटी खरवडून काढण्याचेही नाही. सातेरी आणि आग्या या मधमाश्याही रसावर येतात, पण त्या गांधीलमाश्या नव्हेत. त्यांच्यासाठी लावलेला सापळा हे बागेचे नुकसान आहे.

आता प्रक्रियेकडे. बिअर करताना दळलेले माल्ट ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्यात तासभर मुरवतात, गाळतात, हॉप्स घालून तासभर उकळतात, गार करतात आणि मग यीस्ट घालतात. उकळत्या पातेल्यात माशी पडली तर किळस येण्यापलीकडे फारसे बिघडत नाही, कारण तिच्या अंगावरचे जंतू तिथेच मरतात. शिवाय वाफ माश्यांना दूर ठेवते. धोका गार होण्याच्या टप्प्यात असतो. उकळ संपलेला, गोड, उघडा आणि अजून यीस्ट न घातलेला रस कोणत्याही जंतूला सारखाच उपलब्ध असतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी बाहेरची हवाच तीस अंशांच्या आसपास असते, तिथे तो आपोआप वीस अंशांवर येण्याची वाट पाहणे म्हणजे जंतूंना मोकळे रान देणे. या टप्प्यात माशी पडली तर तिच्या पायांवरून शिरक्याचे जीवाणू आणि रानटी यीस्ट रसात उतरते आणि चव बिघडते. याबाबतीत गांधीलमाशीपेक्षा फळांवरची चिलटे जास्त उपद्रवी असतात. ती लहान असल्याने कुठूनही आत शिरतात आणि बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

माडीत हाच हिशेब उलटा होतो. माडी काढणे हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भंडारी समाजाचा व्यवसाय राहिला आहे. माडाचा न उमललेला फुलोरा, म्हणजे पोय, बांधून, हलके ठोकून तिच्या टोकाला रोज पातळ काप देतात आणि खाली मडके अडकवतात. झिरपणाऱ्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे थांबते आणि नीरा मिळते. चुना नसेल तर पहिल्या थेंबापासूनच आंबायला सुरुवात होते, दिवसाभरात अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या घरात जाते आणि त्यानंतर काही दिवसांत सगळ्याचा शिरका होतो. इथे यीस्ट कुणी पुडीतून घालत नाही. ते पुन्हापुन्हा वापरलेल्या मडक्याच्या आतल्या थरातून, पोयीवरून, हवेतून आणि कीटकांच्या अंगावरून येते. गोव्यात हीच माडी, म्हणजे तिथली सूर, पाव आणि सान्नां फुगवण्यासाठी वापरली जात असे, त्यावरून तिच्यातल्या यीस्टच्या जोमाची कल्पना येते.

गांधीलमाशीचा आणि यीस्टचा संबंध केवळ अंगाला चिकटण्यापुरता नाही. इटलीतील फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की सामाजिक गांधीलमाश्यांच्या आतड्यात सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए हे यीस्ट, म्हणजे पाव, वाइन आणि बिअरचे यीस्ट, हिवाळाभर जिवंत राहते आणि राणी पुढच्या पिढीच्या पिल्लांना भरवताना ते त्यांच्यात उतरते. द्राक्षे नसलेल्या महिन्यांत यीस्ट कुठे राहते, या जुन्या प्रश्नाचे निदान एक उत्तर त्यामुळे मिळाले. २०१६ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट मांडली : यीस्टच्या वेगवेगळ्या वाणांचा संकरही माशीच्या आतड्यात घडतो. हे प्रयोग युरोपीय माश्यांवरचे आहेत. तरीही मडक्यावर घिरट्या घालणाऱ्या माशीकडे निव्वळ शत्रू म्हणून पाहणे त्यानंतर कठीण होते.

माडावरचा खरा धोका माडी काढणाऱ्याला असतो. बाणवली जातीचा जुना माड वीस मीटरपर्यंतही जातो आणि त्यावर दिवसातून दोनदा चढायचे असते. शेंड्यावर डंख बसला तर पळायला जागा नसते. हात सुटला की डंखापेक्षा पडण्यानेच जास्त इजा होते. म्हणून चढण्याआधी खालून दोन-तीन मिनिटे वर पाहावे. माश्या एकाच जागी सरळ रेषेत ये-जा करताना दिसल्या तर तिथे पोळे आहे. त्या इकडेतिकडे भिरभिरत असतील तर फक्त रसावर आल्या आहेत. पोळे असलेल्या माडाची पोय त्या मोसमात सोडून देणे हाच शहाणपणा. मडक्याचे तोंड झावळीच्या बुडाशी असणाऱ्या जाळीदार आवरणाने किंवा कापडाने झाकता येते. रस आत पडतो, माशी बाहेर राहते आणि गाळतानाही तेच आवरण कामी येते.

घरच्या खळ्यात दारू नसली तरी गोड रस असतोच. एप्रिल-मेमध्ये रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवल्या जातात, ताटांवर आंब्याची साठे आणि फणसपोळी वाळत असते. बरणीच्या तोंडाला फडके बांधलेले असते खरे, पण ते पाकाने भिजले की माशी त्यावर बसून आरपार चोखते. फडके ढोलावरच्या कातड्यासारखे ताणून बांधावे, रस तोंडापासून चार बोटे खाली ठेवावा आणि बरणी बाहेरून ओल्या कपड्याने पुसून घ्यावी. साठांच्या ताटांवर फडके थेट टाकण्याऐवजी काठ्यांवर उचलून धरावे, म्हणजे ते रसाला चिकटत नाही. रातांब्याच्या सालींचा, आंब्याच्या कोयींचा आणि फणसाच्या चारखंडांचा ढीग खळ्याच्या कडेला ठेवण्याची सवय मात्र मोडायला हवी. झाकलेल्या बरणीपेक्षा तो ढीगच माश्यांना जास्त बोलावतो. तो लगेच खड्ड्यात पुरावा.

कामाची वेळही महत्त्वाची. गांधीलमाश्या दिवसा, उजेडात फिरतात. रस काढणे, गाळणे, भांडी बदलणे ही उघड्यावरची कामे पहाटे किंवा दिवेलागणीनंतर केली तर त्रास बराच घटतो. फार उजेडाचा दिवा मात्र भांड्याच्या अगदी वर नको. गार करायचे पातेले झाकून थंड पाण्याच्या टोपात ठेवावे. बंद भांड्यातून वायू बाहेर सोडायचा असेल तर नळीचे टोक पाण्यात बुडवावे : वायू बुडबुड्यांनी निघतो, माशीला मात्र वाट मिळत नाही. भांडी धुण्याचे पाणी तिथेच अंगणात ओतू नये.

सापळ्याचा उपयोग मर्यादित आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, आत साखरपाणी, थोडे व्हिनेगर आणि साबणाचा थेंब घालायचा. व्हिनेगरमुळे मधमाश्या सहसा येत नाहीत आणि साबणाने माशी बुडते. पण हा सापळा कामाच्या जागेशेजारी ठेवला तर लांबच्या माश्याही तिथे गोळा होतात. ठेवायचाच असेल तर दहा-बारा मीटर दूर, वाऱ्याच्या दिशेने पुढे ठेवावा. झाकण, स्वच्छता आणि वेळ सांभाळली तर त्याची गरज क्वचितच पडते.

पोळे जाळण्यासाठी रात्री चूड पेटवून वर धरण्याची पद्धत अजून अनेक वाड्यांत आहे. वाळलेल्या झावळ्या आणि गवताच्या गंजी जवळ असताना हे करणे घरावरच बेतू शकते आणि चवताळलेल्या माश्या अंधारातही बाहेर पडतात. रॉकेल किंवा कीटकनाशक मारण्याने खाद्यरसाजवळ विष पसरते आणि बागेतले उपयोगी कीटकही मरतात. नारळाची पाने खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीवर गोनिओझस नेफँटिडिस ही मुंगीएवढी परजीवी गांधीलमाशी मुद्दाम वाढवून बागांत सोडतात. गांधीलमाश्या दिसल्या की फवारा मारणारा बागायतदार तिच्यावरही पाणी सोडतो. माणसांच्या वाटेवरचे मोठे बंद पोळे जाणकाराकडूनच काढून घ्यावे. बाकीच्यांपासून अंतर राखले की पुरते.

डंख बसला तर पहिली गोष्ट : माशी चिरडू नये, तिथून शांतपणे पण लगेच दूर व्हावे. चिरडलेल्या माशीतून निघणारा वास इतर माश्यांना हल्ल्याचा इशारा देतो. मधमाशीची नांगी कातडीत अडकते, गांधीलमाशीची अडकत नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा डंखू शकते. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात आणि जागेवर बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चुना, कांदा किंवा व्हिनेगर चोळण्याने कातडीखाली गेलेल्या विषाला काही होत नाही. ओठ सुजणे, अंगभर गांध्या उठणे, श्वास घेताना घरघर, चक्कर यांपैकी काही दिसले तर ती तीव्र ॲलर्जी असू शकते. तिच्यावर मांडीच्या स्नायूत लगेच दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच उपचार, म्हणून १०८ क्रमांकावर फोन करून विनाविलंब रुग्णालय गाठावे. एकाच वेळी पुष्कळ डंख बसले तर ॲलर्जी नसली तरी मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. पुढच्या दोन दिवसांत लघवी कमी झाली किंवा चहाच्या रंगाची झाली तर थांबू नये. पेल्यात पडलेली माशी न दिसता घोटाबरोबर तोंडात गेली आणि घशात डंखली तर सूज श्वासनलिका बंद करू शकते. अशा वेळी बर्फाचा खडा चोखायला देऊन माणसाला थेट रुग्णालयात न्यावे. खळ्यात बसून सरबत किंवा माडी पिताना पेला झाकून ठेवावा आणि प्रत्येक घोटाआधी आत पाहावे.