लाइम आणि क्षयाचे जंतू एकाच अंगात असतील तर

नवऱ्याच्या गुडघ्यामागे चिकटलेली ती गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी होती. जून महिना होता. शनिवारी त्याने आमच्या न्यू जर्सीतल्या घरामागचं झाडीलगतचं गवत काढलं आणि सोमवारी रात्री मला तो काळा ठिपका दिसला. आधी तीळच वाटला. मोबाइलचा टॉर्च धरला, तेव्हा पाय हलले. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या. "अगं, रॉकेल लाव तिला, आपोआप सुटेल," त्या म्हणाल्या.

पहिला गैरसमज इथेच निस्तरायला हवा. रॉकेल, व्हॅसलिन, नेलपॉलिश किंवा काडीचा चटका, यातलं काहीही लावू नये. डिवचलेल्या गोचिडीच्या अंगातला जंतू असलेला द्रव उलट जखमेत जाऊ शकतो. बारीक टोकांचा चिमटा कातडीला अगदी टेकवायचा, गोचीड तोंडाजवळ पकडायची आणि न पिळता सरळ वर ओढायची. मग जागा साबणाने धुवायची. गोचीड निघाली. खरी चूक आम्ही त्यानंतर केली.

झालं असं, की नवरा त्या वेळी रिफाम्पिसिन घेत होता. ग्रीन कार्डासाठीच्या वैद्यकीय तपासणीत २०१८ पासून क्षयासाठी रक्ताची चाचणी करतात. त्याची पॉझिटिव्ह आली होती आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. म्हणजे सुप्त क्षय. त्यावर चार महिने रोज रिफाम्पिसिन. दोन महिने झाले होते. आम्हाला वाटलं, रोज अँटिबायोटिक पोटात जातंय, मग गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाची काय भीती?

हे साफ चूक होतं. लाइमचा जंतू, बोरेलिया बर्गडॉर्फेरी, रिफाम्पिसिनला मुळातच दाद देत नाही. क्षयाचा जंतू वेगळ्या कुळातला, संथ वाढणारा, मेणचट कवचाचा. त्याची औषधं वेगळी आणि मुदतही वेगळी. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली जगासमोर आणला, तर विली बर्गडॉर्फरचा लाइमच्या जंतूवरचा निबंध बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ साली प्रसिद्ध झाला. कनेक्टिकटमधल्या लाइम गावच्या परिसरात मुलांचे सांधे सुजतायत, याचा शोध त्याआधी १९७५ पासून सुरू होता, आणि तो सुरू व्हायला तिथल्या आयांनी धरलेला आग्रह कारणीभूत होता.

लाइमचा धोका असलेल्या भागात गोचीड दीड दिवस किंवा जास्त चिकटून राहिली असेल, तर ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एक डोस प्रतिबंध म्हणून देता येतो. आम्ही डॉक्टरांकडे गेलोच नाही, त्यामुळे ती वेळ हुकली.

अकराव्या दिवशी गुडघ्यामागे तळहाताएवढा चट्टा उठला. पुस्तकांतल्या चित्रांत गोऱ्या कातडीवर लालभडक कडं आणि मध्ये ठिपका असतो, अगदी नेमबाजीच्या चकतीसारखा. नवऱ्याच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मात्र तो जांभळट तपकिरी, मार लागल्यासारखा दिसत होता. हे आपल्या माणसांनी मुद्दाम ध्यानात ठेवावं. चकतीचा आकार असलाच पाहिजे असं नाही, बरेच चट्टे सलग एकाच रंगाचे असतात. खूणगाठ एकच: चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठणारा, दिवसागणिक पसरत जाणारा, फारसा न खाजणारा चट्टा. आणि असा चट्टा असेल तर रक्तचाचणीसाठी थांबायचं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात, चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि तिच्यावर विसंबून माणूस घरी बसतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सध्या कुठली औषधं चालू आहेत? नवरा म्हणाला, "काही नाही, व्हिटॅमिन घेतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. क्षय हा शब्द त्याला उच्चारायचा नव्हता. त्याने तो आपल्या आईलाही सांगितला नव्हता. लग्नाच्या बैठकीत कुणाच्या तरी काकाचा क्षय निघाला म्हणून स्थळं मोडलेली आपण ऐकली आहेत, त्याचं हे ओझं. पण सुप्त क्षय म्हणजे क्षयरोग नव्हे. जंतू शरीरात आहेत, पण प्रतिकारशक्तीने त्यांना कोंडून ठेवलंय. खोकला नाही, ताप नाही आणि दुसऱ्याला लागण्याचा प्रश्नच नाही. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांना कधी ना कधी या जंतूची लागण झालेली असते आणि त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात पुढे प्रत्यक्ष रोग होतो. लहानपणच्या बीसीजीमुळे चाचणी पॉझिटिव्ह आली असेल, ही समजूतही सर्रास आढळते. हातावर टोचून गाठ मोजण्याच्या जुन्या चाचणीबाबत ती खरी ठरू शकते. रक्ताच्या नव्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

मीच डॉक्टरांना रिफाम्पिसिनचं सांगितलं. त्यांनी लिहायला घेतलेलं डॉक्सिसायक्लिन खोडलं. रिफाम्पिसिन यकृतातली विकरं चेतवतं, त्यामुळे डॉक्सिसायक्लिनचा निचरा लवकर होतो आणि रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. म्हणजे गोळ्या घेतल्या असत्या आणि लाइम अर्धवट मारला गेला असता. त्यांनी अमॉक्सिसिलिन दिलं, दिवसातून तीनदा, १४ दिवस. रिफाम्पिसिन चालूच ठेवायला सांगितलं. एका रोगापायी दुसऱ्याचं औषध स्वतःच्या मनाने बंद करणं ही या जोडीतली सर्वांत महागडी चूक आहे.

फ्रिजवर मी दोन रंगांत तक्ता लावला. सकाळी उपाशीपोटी रिफाम्पिसिन, मग तीन वेळा अमॉक्सिसिलिन. लघवी केशरी होते, ती रिफाम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला थंडी वाजली, अंग मोडून आलं. जंतू भराभर मरताना काहींना असं होतं. ते पहिल्या २४ तासांत सुरू होतं आणि दिवसभरात ओसरतं. मात्र या खऱ्या गोष्टीवर एक धोकादायक गैरसमज उभा राहिलाय: औषधाने जितका त्रास होईल तितके जंतू मरतायत, महिनोन्‌महिने सोसा. दोन आठवड्यांनी मळमळ, अन्नावरची वासना जाणं, डोळे पिवळे दिसणं सुरू झालं, तर ती यकृताची हाक असते. क्षयाची औषधं यकृताला इजा करू शकतात. त्या वेळी सोसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. मुंग्यांचंही तसंच. सुप्त क्षयासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्याच्या हातापायांना मुंग्या आल्या, तर घरचे म्हणतात, लाइम नसांत गेला. ते शक्य असतं, पण आयसोनियाझिडमुळे होणारी बी-६ जीवनसत्त्वाची कमतरताही अशाच मुंग्या आणते आणि गोळीने भरून निघते.

उपचारानंतरही काही जणांचा थकवा, सांधेदुखी, डोकं जड वाटणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. त्रास खरा असतो, त्याला मनाचे खेळ म्हणणं अन्यायाचं आहे. पण त्यावर आणखी अँटिबायोटिक हे उत्तर नाही. नेदरलँड्समधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८० रुग्णांना आधी दोन आठवडे शिरेतून औषध दिलं. पुढचे १२ आठवडे काहींना अँटिबायोटिक आणि काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. जीवनमानात फरक पडला नाही. आपल्यासारख्या देशांतून आलेल्यांसाठी यात आणखी एक खड्डा आहे. 'जुनाट लाइम'च्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या मिश्रणांत कधी रिफाम्पिसिन, कधी फ्लुओरोक्विनोलोन गटातली औषधं असतात. अंगात जागा झालेला पण निदान न झालेला क्षय असेल, तर एकट्या रिफाम्पिसिनने त्याचे जंतू औषधाला निर्ढावतात आणि फ्लुओरोक्विनोलोनने लक्षणं तात्पुरती दबून निदान लांबतं. संध्याकाळचा ताप, रात्री घामाने भिजणं, वजन उतरणं, तीन आठवड्यांचा खोकला यांना लाइमचं नाव देऊन मोकळं होऊ नका. थुंकी तपासा, एक्स-रे काढा.

एक गोष्ट दोन्ही रोगांत सारखी आहे, ती कळल्यावर आमचा जीव भांड्यात पडला. बरं झाल्यावरही दोन्ही चाचण्या वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतात. लाइमची प्रतिपिंडं रेंगाळतात, क्षयाची रक्तचाचणीही बहुधा तशीच राहते. म्हणून 'बरा झालो का' हे बघायला त्या पुन्हा करू नयेत. कोर्स कधी सुरू झाला, कधी संपला, याचा कागद जपावा.

तो कागद पुढेही लागेल. लाइममुळे काहींचा गुडघा कित्येक महिन्यांनी सुजतो, आणि क्वचित अँटिबायोटिकनंतरही सूज हटत नाही. मग स्टेरॉइडचा किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टीएनएफरोधक इंजेक्शनांचा विषय निघतो. कोंडून ठेवलेल्या क्षयाच्या जंतूंना मोकळं करणारी हीच औषधं. ती सुरू करण्याआधी सांधेतज्ज्ञांना सुप्त क्षयाची गोष्ट, घेतलेल्या औषधाचं नाव आणि महिने सांगावेच लागतात. आता नवरा ते स्वतःहून सांगतो.