तेरा आकड्यांचं ओझं

हिशोब कुठेच जुळत नव्हता. पुस्तकविक्रीच्या त्या सर्व्हरवर जावा 6 चालत होतं, हीप 2 जीबीची होती आणि कॅशमध्ये जास्तीत जास्त 10,000 नोंदी ठेवायची मर्यादा घातलेली होती. एका नोंदीत असायचं काय? पुस्तकाचा 13 आकडी आयएसबीएन ही की, आणि किंमत व शिल्लक प्रती ही व्हॅल्यू. शे-दोनशे बाइटचा मामला. कॅश काठोकाठ भरली तरी दोन-तीन एमबीच्या वर जायला नको होती. तरीही रात्री प्रकाशकांच्या याद्या आल्या की मेमरीचा आलेख चढू लागायचा. पहाटेपर्यंत जीसी, म्हणजे गार्बेज कलेक्टर, एकामागून एक फेऱ्या मारून थकायचा, सगळं संथ व्हायचं आणि लॉगमध्ये तीच ओळ उमटायची: आउट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस.

संशय कॅशिंग लायब्ररीवर गेला, आणि ते साहजिकच होतं. जावात मेमरी हाताने मोकळी करावी लागत नाही. ज्या ऑब्जेक्टपर्यंत कुठल्याही जिवंत रेफरन्सने पोचता येत नाही, ते जीसी उचलून नेतो. पण कॅशचं कामच मुळी रेफरन्स धरून ठेवण्याचं. मुदत संपलेली नोंद तिने सोडलीच नाही, तर जीसीचे हात बांधलेले. लायब्ररीची आवृत्ती बदलून पाहिली, नोंदींची मुदत कमी केली. फरक पडला नाही. दुसरी लायब्ररी घ्यावी, असा सूर बैठकीत निघू लागला.

तेवढ्यात एका सहकारिणीने एक साधा प्रयोग केला. तिने मर्यादा 10,000 वरून 2,000 वर आणली. त्या रात्री सर्व्हर पडला नाही. आलेख चढला, 800 एमबीच्या आसपास पोचला आणि तिथे सपाट झाला. सगळ्यांना हायसं वाटलं. ती मात्र अस्वस्थ झाली. “लायब्ररी नोंदी सोडत नसती, तर आलेख थांबलाच नसता,” ती म्हणाली. “ती सोडतेय. 2,000 धरतेय आणि बाकीच्या इमानाने सोडतेय. म्हणजे एकेक नोंदच जड आहे.” तिने कागदावर भागाकार मांडला. 800 एमबी भागिले 2,000, म्हणजे नोंदीमागे सुमारे 4 लाख बाइट. 2 जीबीची हीप भरायला अशा 5,000 नोंदी पुरेत. 10,000 ची मर्यादा गाठायच्या आधीच सर्व्हर का मरतो, ते या एका भागाकाराने सांगितलं. माझ्या मते खरा शोध इथेच लागला होता. पुढचं सगळं पुरावा गोळा करणं होतं.

जेमॅप या साधनाने हीपचा डंप काढला. वर्गवार यादीत सगळ्यात वर कॅरेक्टर अ‍ॅरे दिसले, पण त्यात नवल नव्हतं. तेव्हाच्या बहुतेक जावा प्रोग्रॅममध्ये तेच वर असत. कोण मोठं आहे, याचं उत्तर तिथे होतं. ते मोठं कुणी धरून ठेवलंय, याचं नव्हतं. म्हणून डंप एक्लिप्सच्या मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडला. मूळचं सॅप कंपनीचं हे साधन डॉमिनेटर ट्री दाखवतं: अमुक ऑब्जेक्ट गेलं, तर त्याच्यासोबत किती मेमरी मोकळी होईल. ऑब्जेक्टचं स्वतःचं आकारमान ते वेगळं दाखवतं आणि त्याने अडवून ठेवलेली मेमरी वेगळी.

व्हॅल्यूंकडे पाहिलं, त्या हलक्याच होत्या. मग कॅशची एक की उघडली. स्वतःचं आकारमान मोजके बाइट. अडवलेली मेमरी 4 लाख बाइट. तपशिलात स्ट्रिंगच्या फील्डपैकी तीन महत्त्वाची होती. काउंट 13. ऑफसेट भलताच कुठलातरी आकडा. आणि तिसरं फील्ड, अक्षरांचा अ‍ॅरे: लांबी सुमारे 2 लाख. त्या जावात स्ट्रिंगच्या एका अक्षराला 2 बाइट लागत, म्हणजे 4 लाख. भागाकार तंतोतंत खरा ठरला.

त्या अ‍ॅरेत होतं काय? प्रकाशकाच्या यादीतली पुस्तकाची अख्खी नोंद. प्रस्तावना, परिचय आणि मजकुरात रूपांतरित केलेलं मुखपृष्ठाचं चित्रसुद्धा.

जेडीकेसोबत येणारा स्ट्रिंगचा सोर्स उघडला, तेव्हा कारण स्वच्छ दिसलं. कोड त्या लांबलचक नोंदीतून सबस्ट्रिंगने 13 आकडे कापून घेत होता. पण त्या काळच्या जावात सबस्ट्रिंग काहीच कापत नसे. नवी स्ट्रिंग मूळ अ‍ॅरेवरच बोट ठेवायची; कुठून सुरुवात आणि किती अक्षरं, एवढंच टिपून घ्यायची. सातबाऱ्याचा एक उतारा हवा म्हणून तलाठ्याचं सगळं दप्तर उचलून घरी आणावं, तसं हे. यामागचा विचार चुकीचा नव्हता. स्ट्रिंग बदलत नाही, त्यामुळे अ‍ॅरे वाटून घेणं सुरक्षित होतं, आणि प्रत न काढल्यामुळे सबस्ट्रिंग अतिशय वेगवान होतं. पण तो तुकडा दीर्घकाळ जगणार असेल, कॅशची की होऊन बसणार असेल, तर मूळ मजकूरही तितकाच काळ जगणार. लायब्ररी नोंदी मोजत होती. त्या नोंदींना लटकलेलं वजन मोजायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. सबस्ट्रिंगचा निकाल न्यू स्ट्रिंगमध्ये गुंडाळला की 13 आकड्यांचा स्वतंत्र अ‍ॅरे तयार होई आणि मूळ नोंद जीसीच्या हवाली होई. मर्यादा पुन्हा 10,000 केली. कॅशची मेमरी पहिल्या हिशोबाप्रमाणे काही एमबीत राहिली. लायब्ररी बदलावी लागली नाही.

ऑगस्ट 2012 मध्ये आलेल्या जावा 7 अपडेट 6 ने स्ट्रिंगमधली ऑफसेट आणि काउंट ही दोन्ही फील्ड काढून टाकली. तेव्हापासून सबस्ट्रिंग सरळ प्रत काढतं. काही ठिकाणी पार्सिंग मंदावल्याच्या तक्रारीही झाल्या, पण मला तो निर्णय योग्यच वाटतो. मात्र अ‍ॅरेलिस्टचं सबलिस्ट आणि बाइटबफरचं स्लाइस आजही मूळ ऑब्जेक्ट धरूनच ठेवतात. तुमच्या कॅशमध्ये यांपैकी काही जात असेल, तर आधी त्याची स्वतंत्र प्रत करा आणि तीच कॅशमध्ये ठेवा.