खेळांतील बंद दालन



मुलांच्या वह्या तपासण्यांत ज्याचीं पुष्कळ वर्षें गेलीं त्याला एक गोष्ट अनुभवानें कळून येते. गणित बरोबर आलें कीं चुकलें हें वहींतील शेवटच्या ओळीवरून समजतें. परंतु मुलानें विचार कसा केला हें समजून घ्यावयाचें तर खोडलेल्या ओळींकडे पाहावें लागतें. आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें ती शाळेंतली नव्हे. उलट अभ्यासाची वैरीण म्हणूनच तिची ख्याति आहे. ती वस्तु म्हणजे हातांत धरून खेळावयाचा व्हिडिओ गेम. ह्या खेळांच्या पोटांतही खोडलेल्या ओळी असतात, पाठभेद असतात, आणि क्वचित् कुलूप लावून ठेवलेलें एखादें दालनही असतें. अशाच एका खेळाचें अंतरंग आज आपण पाहूं.

ह्या खेळाचा प्रकार समजावयास सोपा आहे. पडद्यावर एक लहानसा मनुष्य असतो. त्याला डावीकडून उजवीकडे चालवीत न्यावयाचें, वाटेंतील खड्डे उडी मारून ओलांडावयाचे, अधांतरीं असलेल्या ओट्यांवर चढावयाचें आणि शत्रूंना चुकवून मुक्काम गांठावयाचा. अशा ओट्याला इंग्रजींत प्लॅटफॉर्म म्हणतात, म्हणून ह्या जातीच्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम हें नांव पडलें. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नायक म्हणजे मारिओ. हा जाड मिशांचा, तांबडी टोपी घालणारा, नळकाम करणारा कारागीर. त्याला जन्म देणारी निन्टेंडो ही कंपनी जपानांतील क्योटो शहरांत १८८९ सालीं निघाली ती पत्ते तयार करण्यासाठीं. फुलांच्या चित्रांचे ‘हानाफुदा’ नांवाचे जपानी पत्ते हा तिचा मूळचा धंदा. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, ह्या कथेंत पुढें कागदाचे पत्ते पुन्हां एकदां येणार आहेत.

‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा खेळ जपानांत ऑक्टोबर १९८८ मध्यें निघाला. अमेरिकेंत तो १९९० मध्यें आणि युरोपांत १९९१ मध्यें पोंचला. त्या वेळीं तो टेलिव्हिजनला जोडावयाच्या यंत्रावर खेळत असत. पुढें २००३ सालीं ह्याच खेळाची नवी आवृत्ति ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ नांवाच्या, हातांत सहज मावणाऱ्या यंत्रासाठीं तयार झाली; तिचें नांव ‘सुपर मारिओ ॲडव्हान्स ४’. जपानांत ती जुलै महिन्यांत आणि अमेरिका व युरोप येथें ऑक्टोबरांत विक्रीस आली. एवढ्या प्रवासांत ह्या खेळाचें काय काय झालें तें आतां पाहूं.

प्रथम पाठभेद घेऊं. आपली समजूत अशी कीं, यंत्रानें छापलेली वस्तु सर्वत्र एकच असावयाची. परंतु ह्या खेळाची १९८८ ची जपानी प्रत आणि १९९० ची अमेरिकन प्रत शेजारी शेजारी ठेवून खेळल्यास फरक ताबडतोब कळतो. खेळांत एक पान मिळतें. तें मिळतांच मारिओला शेंपूट फुटतें आणि तो उडूं लागतो. जपानी प्रतींत अशा शेंपटीच्या मारिओला शत्रूचा एक धक्का लागला कीं तो एकदम अगदीं लहान होतो आणि दुसऱ्या धक्क्यास प्राणास मुकतो. अमेरिकन प्रतींत पहिल्या धक्क्यानें फक्त शेंपूट जातें, उंची कायम राहते. लहान होण्यास आणखी एक धक्का लागतो. म्हणजे ज्या चुकीबद्दल जपानी मुलास कडक शिक्षा होई, त्याच चुकीबद्दल अमेरिकन मुलास एक ताकीद मिळत असे. दोघेही पुढें मोठे झाल्यावर ‘आम्ही तोच खेळ खेळलों’ असें म्हणतील, परंतु तें अक्षरशः खरें नव्हे.

दुसरा पाठभेद नांवांचा आहे. ह्या खेळांत सात राजपुत्र-राजकन्या शत्रुपक्षाकडून लढतात. मूळ जपानी खेळांत त्यांना स्वतंत्र नांवें नव्हतीं. अमेरिकेंत खेळ नेतांना तेथील मंडळींनीं त्यांचें बारसें केलें, आणि त्यांतील बहुतेक नांवें संगीताच्या क्षेत्रांतून उचललीं. एकाचें नांव लुडविग, तें जर्मन संगीतकार बीथोव्हन ह्यावरून. पुढें जपाननेंही तींच नांवें स्वीकारलीं. भाषांतरांत घातलेली भर अशा रीतीनें मूळांत जाऊन बसली. आपल्या जुन्या पोथ्यांत क्षेपक ओव्या मूळ ग्रंथांत मिसळून जातात, तसाच हा प्रकार.

आतां खोडलेल्या ओळींकडे वळूं. १९८८ च्या त्या खेळाचा सर्व मजकूर कार्ट्रिज नांवाच्या चपट्या डबींत ३८४ किलोबाइट एवढ्या जागेंत बसविलेला होता. आजच्या मोबाइलनें काढलेल्या एका छायाचित्रालाही ह्याहून कितीतरी अधिक जागा लागते. जागेची इतकी ओढ असतांही त्या डबींत कांहीं टप्पे, ज्यांना मुलें ‘लेव्हल’ म्हणतात, असे आढळतात कीं त्यांकडे जाणारी वाटच खेळांत नाहीं. कांहीं जवळजवळ पुरे झालेले आहेत, तर कांहीं अर्धवट सोडलेले आहेत. रचणाऱ्यांनीं ते केले, पाहिले आणि शेवटीं नको म्हणून बाजूस सारले.

मग ते पुसून कां टाकले नाहींत, असा प्रश्न साहजिकच येतो. ह्याचें उत्तर ग्रंथाच्या उपमेनें देतां येईल. डबींतील मजकूर क्रमांक घातलेल्या पानांसारखा असतो, आणि ‘ह्यापुढें अमुक पानावर जा’ अशा आज्ञांनीं तो परस्परांशीं बांधलेला असतो. छपाई तोंडावर आली असतां मधलीं चार पानें काढलीं, तर पुढील सर्व पानांचे क्रमांक सरकतात आणि प्रत्येक आज्ञा दुरुस्त करावी लागते. एखादी नजरचूक राहिली तर चांगला चाललेला खेळही मध्येंच बंद पडावयाचा. म्हणून शहाणा कारागीर खोली पाडण्याच्या भरीस पडत नाहीं; तिच्याकडे जाणारा जिना तेवढा काढून घेतो. खोली अंधारांत तशीच राहते. पुढें कोणी डबींतील सर्व आंकडे संगणकावर उतरवून घेऊन वाचले, अथवा डबी व यंत्र ह्यांच्यामध्यें एखादें साधन बसवून आज्ञेंतील एखादा आंकडा बदलला, म्हणजे ती खोली पुन्हां दिसूं लागते. अशा खोल्यांत हिंडतांना रचणाऱ्यांनीं काय टाकून दिलें हें दिसतें, आणि काय टाकलें हें पाहिल्यावर जें ठेवलें त्याची किंमत अधिक चांगली कळते.

येथवरचा भाग कुतूहलाचा झाला. ज्यासाठीं हा विषय मीं घेतला तो भाग आतां येतो. २००३ च्या आवृत्तींत मूळच्या आठ राज्यांखेरीज ‘वर्ल्ड-ई’ ह्या नांवाचें एक नवें दालन ठेविलेलें होतें. पण ह्या दालनांतील टप्पे डबींत नव्हते. ते कागदाच्या पत्त्यांवर छापलेले होते. पत्त्याच्या कडेला अतिसूक्ष्म ठिपक्यांची एक पट्टी असे. ‘ई-रीडर’ नांवाच्या यंत्राच्या फटींतून तो पत्ता सरकविला म्हणजे यंत्र ते ठिपके वाची आणि त्यांतून टप्प्याची रचना तयार होई. ठिपक्यांची ही लिपि ऑलिम्पस ह्या जपानी कंपनीची. लांब पट्टींत सुमारें २.२ किलोबाइट आणि आंखूड पट्टींत सुमारें १.४ किलोबाइट मजकूर मावत असे. पत्ते विकण्यापासून निघालेली कंपनी शंभरांहून अधिक वर्षांनीं पुन्हां पत्त्यांकडे आली, ती अशी.

ह्या टप्प्यांत मूळ खेळांत नसलेल्या गोष्टीही होत्या. मारिओच्या दुसऱ्या एका खेळांतील उडण्याची झूल येथें मिळे. आणखी एका खेळांतल्याप्रमाणें जमिनींतून भाजी उपटून शत्रूवर फेंकतां येई. असे एकंदर ३८ टप्पे रचले गेले.

परंतु तेथें पोंचण्याची वाट किती बिकट होती तें पाहा. एक गेम बॉय ॲडव्हान्स पुरे नसे, दोन लागत. एकांत खेळाची डबी, दुसऱ्यांत ई-रीडर, आणि दोहोंना जोडणारी तार. हें सर्व जमलें तरी पत्ते निराळे विकत घ्यावयाचे. वाचलेले टप्पे डबींत साठवितां येत, पण त्यांची मर्यादा ३२ होती. म्हणजे सर्व ३८ टप्पे एका वेळीं बाळगण्याची सोयच नव्हती. आणि ही झाली त्यांतल्या त्यांत भाग्यवान् देशांची गोष्ट. ई-रीडर जपानांत डिसेंबर २००१ मध्यें आणि अमेरिकेंत सप्टेंबर २००२ मध्यें निघाला. युरोपांत तो विक्रीस आलाच नाहीं. त्यामुळें तेथील मुलांनीं पुरे पैसे मोजून खेळ घेतला तरी हें दालन त्यांना कायमचें बंद राहिलें. अमेरिकन मुलांचीही स्थिति पूर्ण समाधानाची नव्हती. कांहीं टप्प्यांचे पत्ते केवळ जपानांतच निघाले, आणि जपानी पत्ता अमेरिकन यंत्र वाचीत नसे. लवकरच, २००४ च्या प्रारंभीं, अमेरिकेंत ई-रीडरची विक्रीही थांबली.

आतां विचार करा. टप्पे रचणाऱ्यांचे श्रम झाले होते. ते श्रम कागदावर उतरले होते. आणि तो कागद वाचणारें यंत्र नाहींसें होत चाललें होतें. लिपि आहे, पण वाचक नाहीं, अशी ही अवस्था. ताम्रपटावरील अक्षरें वाचणारा कोणी उरला नाहीं तर तो ताम्रपट म्हणजे नुसता तांब्याचा पत्रा. खोडलेला टप्पा निदान डबींत तरी सुरक्षित असतो. डबी हातीं आहे तोंवर तो केव्हांतरी सांपडेल. पत्त्यावरचा टप्पा मात्र पत्त्याबरोबर कचऱ्यांत जातो. मुलगा मोठा झाला, घर बदललें, आईनें कपाट आवरलें, कीं त्याचा निकाल लागला. त्या काळांत ज्या हौशी मंडळींनीं हे पत्ते जपून ठेवले आणि त्यांवरील ठिपके संगणकावर उतरवून घेतले, त्यांनीं पोरखेळ केला असें मला वाटत नाहीं; त्यांनीं एका लहानशा ग्रंथालयाचें काम केलें.

पुढें खुद्द कंपनीनेंच हें दालन उघडलें. ‘वी यू’ ह्या आपल्या यंत्राच्या दुकानांत तिनें हा खेळ ठेवला तेव्हां सर्वच्या सर्व ३८ टप्पे आंतच घातलेले होते. पत्ते नकोत, तार नको, दुसरें यंत्र नको. जपानांत हें डिसेंबर २०१५ च्या अखेरीस घडलें, अमेरिका व युरोप येथें जानेवारी २०१६ मध्यें. मूळ खेळ निघाल्यापासून बारा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर युरोपांतील खेळाडूंना ती वाट प्रथमच सरळपणें मोकळी झाली. परंतु कथा येथेंही संपली नाहीं. तें दुकान मार्च २०२३ मध्यें नव्या खरेदीसाठीं बंद झालें. त्यापूर्वींच, फेब्रुवारी २०२३ मध्यें, हाच खेळ वर्ल्ड-ई सह कंपनीच्या ‘स्विच’ ह्या यंत्रावर वर्गणीदारांसाठीं आला होता. एकाच दालनाचें दार किती वेळां उघडलें आणि मिटलें, आणि त्याची किल्ली प्रत्येक वेळीं कोणाच्या हातीं होती, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

कोणी विचारील, मुलांच्या खेळांतील चार उड्यांसाठीं एवढी चिंता कशाला? त्यांना मी इतकेंच म्हणेन कीं, कोणती वस्तु पुढें मोलाची ठरेल हें त्या त्या काळाच्या शहाण्यांना सहसा कळत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद फार माजले तेव्हां एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. जुन्या पोथ्या कोणीतरी कोठेंतरी जपल्या होत्या म्हणूनच तें कार्य होऊं शकलें. खेळाची आणि त्या महाग्रंथाची तुलना करण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. जपण्याचा नियम मात्र दोहोंस एकच लागू पडतो. ज्याच्या सर्व प्रती राहतात त्याचाच इतिहास लिहितां येतो.

तेव्हां आपल्या घरीं जुनें खेळयंत्र पडलें असेल, तर तें भंगारांत देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्याबरोबरचे कागद, पत्ते आणि माहितीची पुस्तिका एका पेटींत ठेवावी, आणि खेळ कोणत्या देशांतला, कोणत्या सालचा तें वर लिहून ठेवावें. आणि घरांतील मुलगा खेळत असतां एखादे वेळीं त्याच्या शेजारीं बसून विचारावें, ‘बाळ, ह्या भिंतीपलीकडे काय असेल रे?’ मुलगा तत्काळ उत्तर देईल असें नाहीं, पण तो प्रश्न त्याच्या मनांत राहील. वहींतल्या खोडलेल्या ओळी वाचण्याची संवय अशाच प्रश्नांतून लागते, आणि ज्या मुलाला ती लागली त्याची काळजी मास्तरांस फारशी करावी लागत नाहीं.