सरदाराची दहशत आणि त्याचे दफ्तर

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे मराठी रंगभूमीवर राक्षसाचा प्रवेश म्हणजे राळेचा भडका, तलवारींची फेक आणि ‘अलल्लडुर्र’ अशी आरोळी, असा परिपाठच पडून गेला होता. त्या नाटकांत पदे तेवढी रचलेली असत. ती सूत्रधाराने म्हणावीत, आणि त्यांतला प्रसंग ध्यानी घेऊन पात्रांनी आपापली भाषणे जागच्या जागी, स्वतःच्या बुद्धीने करावीत, अशी रीत होती. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एखाद्या घरी सुट्टीच्या दुपारी चार-पाच तरुण मेजाभोवती बसून ज्या अद्भुत कथेचा खेळ मांडतील, त्याची घडण पुष्कळ अंशी अशीच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या या खेळात एक जण सूत्रधार होऊन मुलूख, शत्रू आणि प्रजा यांचे वर्णन करतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र अंगावर घेतात, आणि कृतीचा परिणाम जेथे अनिश्चित असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकून निवाडा होतो. पात्राचे बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव हे सहा गुण कागदावर आकड्यांत मांडलेले असतात. स्वभाव मात्र खेळणाराने बोलून दाखवावा लागतो.

भयंकर सेनानायकाचे सोंग घेण्याची हौस अनेकांना असते, आणि नवशिका गडी बहुधा भाव्यांच्या राक्षसाचाच मार्ग धरतो. परंतु आरोळी पहिल्या प्रवेशाला शोभते. तिसऱ्या प्रवेशापर्यंत तिचा धाक ओसरलेला असतो. सेनानायकाची दहशत त्याच्या फौजेच्या पोटापासून सुरू होते असे मला वाटते, आणि हे उमजून घेण्यास वऱ्हाडाच्या इतिहासासारखा दुसरा गुरू नाही. निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा अंमल एकाच मुलखावर चालत असल्यामुळे येथल्या रयतेला वसुलाचे दोन धनी होते. भोसल्यांच्या स्वाऱ्या घासदाणा मागत. आणि पेंढारी तर पगाराऐवजी लुटीवर जगत, उलट आपल्या आश्रयदात्या सरदाराला पालपट्टी नावाचा कर भरीत. ज्या फौजेला खजिन्यातून दमडीही मिळत नाही, तिला पुढचे गाव लुटण्यावाचून गत्यंतर नसते, आणि अशा फौजेचा नायक मनाने कितीही सदय असला तरी रयतेला तो काळच भासणार.

म्हणून पात्राच्या चेहऱ्यावरचे व्रण वर्णन करण्याआधी खेळणाराने त्याचे दफ्तर मांडावे: सनद कोणाची, शिबंदी किती, घोड्यांना दाणा कोठून येतो, ओलीस कोण आहे आणि करार मोडणाराला शिक्षा कोणती. एवढे ठरले म्हणजे आवाज न चढवता, पाटलाच्या ओसरीवर बसून ‘दाणा तुम्ही पोचवाल, की आम्ही येऊन नेऊ?’ एवढेच विचारणारा सरदार मेजाभोवतीच्या सर्वांना गप्प करतो. अर्थात समोर बसलेले मित्र आहेत, प्रजा नव्हे. कोणत्या क्रौर्याचे वर्णन करावयाचे नाही, हे खेळ मांडण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवून घ्यावे, आणि सरदाराने ती मर्यादा कधीही ओलांडू नये.

दहशतीच्या जोडीला त्याला निष्ठाही द्यावी, नाही तर पात्र पोकळ राहते. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावच्या मैदानावर भोसल्यांची फौज मोडली आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडावर चालून गेला. 15 डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता कामास आला, आणि ज्या धन्यासाठी त्याने प्राण दिले त्या रघूजी भोसल्यांनी दोनच दिवसांनी देवगावी तह केला. हा प्रसंग वाचताना माझे मन आजही विषण्ण होते. आपला सरदार त्या गडाच्या दरवाज्यात असता तर काय करता, याचे उत्तर ज्या खेळणाराजवळ आहे, त्याला त्याचे पात्र गवसले असे खुशाल समजावे.

खेळाच्या नियमांनीही या बाजूकडे लक्ष दिलेले आहे. 2008 सालच्या चौथ्या आवृत्तीत सेनानायक हा पात्रांचा स्वतंत्र वर्गच होता. सोबत्याला वार करण्याची संधी साधून देणे आणि खचलेल्याला शब्दाने उभे करणे, ही त्याची मुख्य कामगिरी. त्याआधी 1981 सालच्या प्राथमिक नियमावलीत मनोधैर्याची कसोटी आढळते: फौजेला दोन ते बारापर्यंतचा एक आकडा नेमलेला असतो, सूत्रधार दोन साधे फासे टाकतो, आणि बेरीज त्या आकड्याहून जास्त आली तर फौज पळते किंवा शरण जाते. शिबंदीचा पगार थकलेला असेल तर सूत्रधाराने तो आकडा निःशंकपणे एक-दोनाने उतरवावा. म्हणजे गाव लुटू द्यायचे, स्वतःचे जडजवाहीर मोडून पगार भागवायचा, की डळमळत्या फौजेनिशीच शत्रूपुढे उभे राहायचे, हे फासे पडण्यापूर्वीच सरदाराला ठरवावे लागेल.