‘पुरे’ कुणी म्हणायचं?

भंडाऱ्याचं नाव काढलं की पितळेची भांडी डोळ्यांसमोर येतात. आईनं रुखवतात दिलेला गुंड लेकीच्याही संसारात पाणी भरायचा. पातेल्यांना अधूनमधून कल्हई केली की झालं! मग स्टील आलं, प्लॅस्टिक आलं. आता तर मोबाइलवर बोट टेकवायचा अवकाश, वस्तू दारात हजर. डिसेंबर लागला की नाताळचा सेल सुरू होतो आणि मुलं विचारतात, “आई, त्यांच्याकडे आहे, मग आपल्याकडे का नाही?”

ख्रिस्ती घरातल्या बाईला हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. कारण प्रभूच्या प्रार्थनेत आपण मागतो ती रोजची भाकर. भरलेलं कोठार नव्हे. साधं राहावं, हे पटतंच. पण हा साधेपणा घरात नेमका कुणाच्या वाट्याला येतो?

याचं एक उदाहरण आपल्याच वाटेवरचं आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी भंडारा रोड आणि तुमसर रोडवरूनच जाते. याच प्रवासात १८९३ साली कवी नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार वाचायला दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या संसाराची घडीच विस्कटली. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे स्वतः विचार करून, १९०० साली, त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळकांचा हात मोठा मोकळा. हातात पैसा आला की तो गरजूकडे जायचा. १९१७ साली तर त्यांनी मिशनचं पगारी कामही सोडलं. माणूस मोठा, त्यागही मोठा. पण संध्याकाळी चूल पेटवायची होती लक्ष्मीबाईंना! त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण पोट धरून हसतो. पण त्या हसण्याखाली एका गृहिणीची ओढाताण आहे, ती संसार केलेल्या बाईला लगेच दिसते.

म्हणून मैत्रिणींनो, ‘पुरे’ हा शब्द दोघांनी मिळून म्हणायचा असतो. कपडे धुण्याचं मशीन म्हणजे चैन आणि ह्यांची नवी गाडी म्हणजे गरज, असा हिशेब असेल तर तो साधेपणा नव्हे. बाईची कंबर वाचवणारी वस्तू उधळपट्टीत कशाला धरायची? उलट, शेजारणीला दाखवायला म्हणून आपण सोफा मागत असू, तर तेही मनाशी कबूल करावं.

नाताळच्या आधी एका रविवारी, जेवणं झाल्यावर, सगळ्यांनी एकत्र बसावं. मुलांनाही घ्यावं. आधी देण्याचा वाटा बाजूला काढावा. उरलं तर देऊ म्हटलं की काही उरत नाही. मग काय घ्यायचं ते कागदावर लिहून महिनाभर तसंच ठेवावं. महिन्यानंतरही जे हवंसं वाटेल, त्याचाच विचार करावा.

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दाला भुलू नये. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं. रोखीने घेतलं तर मिळणारी सूट बुडते, नाहीतर कसलीतरी फी लागते. तेव्हा दुकानदाराला सरळ विचारावं, “रोख दिले तर किती?”

आणि मुलांना “आपल्याला परवडत नाही” एवढंच सांगून गप्प करू नये. परवडत असूनही काही गोष्टी आपण घेत नाही, आणि त्या पैशांचं काय करतो, हे त्यांना दिसू द्यावं. करंज्यांचं ताट शेजारी नेऊन देणाऱ्या पोराला ते वेगळं शिकवावं लागत नाही.