जनुक विवर्धन व अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग

कोशिकेतील एखाद्या जनुकाच्या (आनुवंशिक गुणधर्म ठरविणाऱ्या डीएनए खंडाच्या) प्रतींची संख्या नेहमीपेक्षा अनेक पटींनी वाढण्याच्या घटनेस जनुक विवर्धन म्हणतात. उत्परिवर्तनात जनुकातील आदेशच बदलतो. विवर्धनात आदेश तोच राहतो, पण त्याच्या प्रती वाढल्याने त्यानुसार बनणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण सामान्यतः वाढते. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगात या घटनेला विशेष महत्त्व आहे. कारण प्रारंभी उपचारांना उत्तम दाद देणारा हा रोग पुढे दाद का देईनासा होतो, याचे एक प्रमुख कारण तीत आढळते.

अष्ठीला ही पुरुषांत मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाभोवती असणारी ग्रंथी होय. तिची वाढ व कार्य अँड्रोजेन या पुं-हॉर्मोनांवर (वाहिनीविहीन ग्रंथींतून सरळ रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावांवर) अवलंबून असते. मुख्यतः वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरोनाचे ग्रंथीत डायहायड्रोटेस्टोस्टेरोन या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. ते अँड्रोजेन ग्राही या प्रथिनाशी जोडले जाते. नंतर ग्राही कोशिकाकेंद्रात डीएनएला चिकटून वाढीशी संबंधित जनुके कार्यान्वित करतो. कर्ककोशिकांतही हे अवलंबित्व टिकून असते. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्झ व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये वृषणोच्छेदनाने वा स्त्री-हॉर्मोनाने हा पसरलेला कर्करोग मागे हटविता येतो, असे दाखविले. हगिन्झ यांना १९६६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक पेटन राऊस यांच्याबरोबर विभागून मिळाले. हॉर्मोनरोध हा पसरलेल्या रोगावरील उपचारांचा आजही पाया आहे. तथापि बहुतेक रुग्णांत कालांतराने रोग पुन्हा बळावतो [→ कर्करोग].

अशा कोशिका हॉर्मोनांपासून स्वतंत्र झालेल्या असतात, असे पूर्वी मानीत. अँड्रोजेन ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असते व पुरुषांत एकच एक्स गुणसूत्र असल्याने प्रत्येक निरोगी कोशिकेत त्याची एकच प्रत असते. १९८८ मध्ये हे जनुक अलग करण्यात आल्यावर अर्बुदांत त्याच्या प्रती मोजणे शक्य झाले. १९९५ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी उपचारांनंतर उलटलेल्या २३ अर्बुदांची तपासणी केली, तेव्हा ७ अर्बुदांत या जनुकाचे मोठे विवर्धन आढळले. त्याच रुग्णांच्या उपचारांपूर्वीच्या नमुन्यांत मात्र ते एकातही नव्हते. म्हणजे कोशिका हॉर्मोनांपासून मुक्त झाल्या नव्हत्या, तर अत्यल्प हॉर्मोनही टिपून घेण्याची क्षमता त्यांनी मिळविली होती.

डीएनएचे द्विगुणन होताना किंवा तुटलेली गुणसूत्रे पुन्हा सांधली जाताना होणाऱ्या चुकांमुळे जादा प्रती निर्माण होतात. त्या गुणसूत्रातच एकापुढे एक राहतात किंवा गुणसूत्राबाहेर लहान वलयांच्या स्वरूपात आढळतात. अशा वलयांना गुणसूत्रबिंदू नसल्याने कोशिका विभाजनात त्यांची वाटणी असमान होते व काही कोशिकांत त्यांचा साठा वेगाने वाढतो. औषध हे विवर्धन घडवून आणीत नाही. ते निवड करते. हॉर्मोनांची टंचाई झाली की बहुसंख्य कोशिका मरतात वा सुप्त राहतात व ज्या थोड्या कोशिकांत ग्राही विपुल आहेत त्यांचीच संतती वाढते. मेथोट्रेक्सेट या औषधाला दाद न देणाऱ्या उंदराच्या कोशिकांत हेच तत्त्व रॉबर्ट शिम्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखविले होते.

२००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने ग्राहीचे प्रमाण वाढल्यास काही ग्राहीरोधक औषधे उलट उत्तेजक ठरू शकतात, असे सिद्ध केले. यातून अधिक समर्थ औषधांचा शोध सुरू झाला व २०१२ मध्ये एन्झालुटामाइड या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यापूर्वी २०११ मध्ये मान्यता मिळालेले अबिराटेरोन हे औषध वृषणांबरोबरच अधिवृक्क ग्रंथी व अर्बुद यांतील अँड्रोजेन निर्मितीही रोखते. २०१८ मध्ये असे आढळले की, पसरलेल्या व हॉर्मोनरोधास न जुमानणाऱ्या बहुसंख्य अर्बुदांत या जनुकापासून सु. साडेसहा लाख आधारक-जोड्या दूर असलेल्या वर्धक खंडाचेही विवर्धन झालेले असते. कधीकधी जनुकाची प्रत न वाढता केवळ या खंडाच्या प्रती वाढतात. आठव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील मिक या जनुकाच्या प्रतीही या रोगात अनेकदा वाढलेल्या आढळतात व प्रगत अवस्थेत त्यांचे प्रमाण अधिक असते.

विवर्धन हेच प्रतिरोधाचे एकमेव कारण नव्हे. ग्राहीतील उत्परिवर्तने, हॉर्मोनाला जोडणारा भाग नसतानाही कार्य करणारे ग्राहीचे अपूर्ण प्रकार, तसेच पी-टेन या अर्बुदरोधक जनुकाचा लोप यांचाही वाटा असतो. अर्बुदाच्या छेदातील प्रती अनुस्फुरक खूण जोडलेल्या डीएनएच्या साहाय्याने मोजता येतात. आता रक्तात उतरलेल्या अर्बुदाच्या डीएनएवरूनही विवर्धन ओळखता येते. ज्या रुग्णांच्या रक्तात ग्राही जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळतात, त्यांना वरील दोन्ही औषधांचा लाभ सामान्यतः कमी काळ होतो, असे दिसून आले आहे. त्यामुळे रोग उलटल्यावर तो कोणत्या मार्गाने उलटला, हे जाणणे उपचारांची दिशा ठरविण्यासाठी महत्त्वाचे ठरते.